एमआरआयने हृदयाच्या धमनीतला रक्तप्रवाह खरोखर मोजता येतो का?

हो, मोजता येतो. कॅथेटर न घालता आणि क्ष-किरण न वापरता. पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत डॉक्टर बहुधा तो आकडा मागणारच नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. ते का, हे नीट सांगायचं तर थोडं सविस्तर लिहावं लागेल.

तुम्ही लिहिलंय की सीटी अँजिओग्राफीत वडिलांच्या एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या मुख्य धमनीत, ५० ते ६० टक्के ब्लॉक निघाला. त्यामुळे रक्तपुरवठा खरंच कमी पडतोय का ते बघायला हवं असं डॉक्टर म्हणाले. कॅथेटरला वडील तयार नाहीत. तेव्हा एमआरआयने प्रवाह मोजता येईल का, आणि येत असेल तर सगळीकडे तेच का करत नाहीत, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी हृदयाचे एमआरआय काढणारा तंत्रज्ञ आहे. रिपोर्ट डॉक्टर लिहितात. रुग्णाला झोपवणं, श्वास रोखायला लावणं, चित्र कुठे आणि कोणत्या कोनात घ्यायचं ते ठरवणं आणि आलेला आकडा विश्वास ठेवण्याजोगा आहे का हे पाहणं, ही माझी बाजू. वडिलांना कोणती तपासणी योग्य हे त्यांचे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील. मी फक्त मशीनला काय जमतं आणि काय जमत नाही तेवढं सांगतो.

आधी त्या टक्केवारीविषयी. ५० टक्के ब्लॉक म्हटलं की घरच्यांना वाटतं, रक्त निम्म्यावर आलं. तसं नसतं. हृदयाचा स्नायू स्वस्थ बसलेल्या माणसातसुद्धा रक्तातला ६० ते ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. म्हणजे काम वाढलं की त्याच रक्तातून आणखी प्राणवायू ओढायला फारशी जागा उरत नाही. जास्त रक्त मागवणं हाच मार्ग. त्यासाठी स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि निरोगी हृदयात प्रवाह तिप्पट-चौपटही होऊ शकतो. वरची मोठी धमनी अरुंद झाली, की याच बारीक वाहिन्या आधीपासून थोड्या उघडून तूट भरून काढतात. त्यामुळे विश्रांतीत सगळं ठीक दिसतं. लान्स गूल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे आकड्यांत दाखवलं. धमनीचा व्यास सुमारे ८५ टक्क्यांनी कमी होईपर्यंत विश्रांतीतला प्रवाह तसाच राहतो, पण जास्तीत जास्त किती वाढू शकतो ती मर्यादा धमनी साधारण निम्मी अरुंद होण्याच्या सुमारासच खाली येऊ लागते.

तुमच्या वडिलांचा ब्लॉक नेमका या मधल्या पट्ट्यात आहे. या पट्ट्यात नुसतं चित्र बघून कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. एकाचा ६० टक्के ब्लॉक निरुपद्रवी असतो, दुसऱ्याचा ५० टक्केही त्रास देतो. ब्लॉकची लांबी, त्याच्या पलीकडे स्नायूचा केवढा भाग आहे, बारीक वाहिन्यांची तब्येत कशी आहे, यावर ते ठरतं. म्हणून प्रवाह मोजायचा तो ताण देऊन, म्हणजे औषधाने या बारीक वाहिन्या रुंदावून मोजायचा. विश्रांतीतला एकटा आकडा इथे काही सांगत नाही.

आता धमनीतला प्रवाह थेट मोजण्याची पद्धत. तिला फेज-कॉन्ट्रास्ट म्हणतात, आणि तिची मुळं एमआरआयच्या चित्रांहून जुनी आहेत. जे. आर. सिंगर यांनी १९५९ मध्ये उंदराच्या शेपटीतला रक्तप्रवाह चुंबकीय अनुनादाने मोजला होता. पॉल लॉटरबर यांची पहिली एमआरआय चित्रं आली ती १९७३ मध्ये. तत्त्व असं: रक्तातल्या पाण्याच्या हायड्रोजनचा प्रत्येक केंद्रक चुंबकात गोल फिरत असतो. तो घड्याळाचा काटा समजा. मशीन आधी एका दिशेने चुंबकीय उतार, म्हणजे जागेनुसार बदलत जाणारं चुंबकीय क्षेत्र, देतं, मग लगेच तेवढाच उलट दिशेने. जो केंद्रक जागचा हलला नाही त्याचा काटा जेवढा पुढे गेला तेवढाच मागे येतो, बाकी शून्य. जो दरम्यान पुढे वाहून गेला त्याच्या काट्यात थोडा फरक शिल्लक राहतो, आणि तो फरक थेट वेगाच्या प्रमाणात असतो. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यात हा फरक वाचला की प्रत्येक ठिपक्यातल्या रक्ताचा वेग कळतो. कुठलाही रंगद्रव लागत नाही.

यात एक गोष्ट आधी ठरवून द्यावी लागते: जास्तीत जास्त किती वेग अपेक्षित आहे. आम्ही तिला व्हेंक म्हणतो. वेग व्हेंकच्या वर गेला की काटा अर्ध्या फेऱ्याच्या पलीकडे जातो आणि मशीनला वाटतं तो उलटा फिरलाय. मग पांढऱ्याशुभ्र धमनीच्या मधोमध अचानक काळा ठिपका दिसतो, जणू रक्त मागे वाहतंय. व्हेंक फार मोठी ठेवली तर असं होत नाही, पण मंद वेग गोंगाटात बुडून जातो. विश्रांतीत कोरोनरी धमनीतला, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या धमनीतला, वेग सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटरच्या आसपास पोचतो, ताण दिल्यावर तो दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे दोन मोजण्यांसाठी दोन वेगवेगळ्या व्हेंक लागतात.

महाधमनीत ही पद्धत उत्तम चालते. तिचा व्यास २५ ते ३० मिलिमीटर, त्यामुळे आडव्या छेदात भरपूर ठिपके मिळतात. झडप किती गळते, हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं, हे आम्ही याच पद्धतीने रोज मोजतो.

कोरोनरी धमनीत मात्र सगळं एकदम अवघड होतं. एलएडीचा सुरुवातीचा भाग ३ ते ४ मिलिमीटर रुंद. ठिपका १ मिलिमीटरचा धरला तर आडव्या छेदात तीन-चार ठिपके मिळतात, आणि त्यातले कडेचे ठिपके अर्धे रक्ताचे, अर्धे भिंतीचे किंवा चरबीचे. गणित करून बघा. ३ मिलिमीटर व्यासाच्या धमनीचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिलिमीटर. सरासरी वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर धरला तर प्रवाह येतो मिनिटाला साधारण ६४ मिलिलिटर. आता कड ठरवताना व्यास ३ ऐवजी ३.५ मिलिमीटर घेतला, म्हणजे ठिपक्याच्या निम्म्याचा फरक, तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. वेग तोच धरला तर प्रवाह ८७ होतो. पडद्यावर त्या करड्या चकतीभोवती वर्तुळ काढताना हा फरक डोळ्याला जाणवतही नाही.

शिवाय ती धमनी एका जागी थांबत नाही. ती हृदयाच्या पृष्ठभागावर आहे आणि प्रत्येक ठोक्याला त्याच्याबरोबर हलते. उजवी कोरोनरी तर एका ठोक्यात स्वतःच्या व्यासाच्या कितीतरी पट अंतर जाते आणि परत येते. त्यावर श्वासाची हालचाल. श्वासपटल एक-दोन सेंटिमीटर वर-खाली होतं आणि हृदय त्याच्या मागोमाग सरकतं. उपाय आहेत. ईसीजीला जोडून ठोक्याच्या ठरावीक क्षणीच माहिती घ्यायची. रुग्णाला पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायला लावायचा, किंवा श्वासपटलावर नजर ठेवणारा एक वेगळा सिग्नल घेऊन ते ठरावीक जागी असेल तेवढीच माहिती ठेवायची आणि बाकी फेकून द्यायची. दुसऱ्या पद्धतीत बऱ्याचदा निम्म्याहून जास्त माहिती वाया जाते आणि तपासणी लांबते.

एवढं करूनही एक चूक मागे राहतेच. आपण रक्ताचा वेग मोजतोय, पण धमनी स्वतःही चित्राच्या प्रतलातून आरपार सरकत असते, आणि तो वेग रक्ताच्या वेगात मिसळतो. म्हणून शेजारच्या स्नायूचा वेग मोजून वजा करावा लागतो. आणखी एक बाब: डाव्या कोरोनरीत बहुतेक रक्त वाहतं ते हृदय सैल पडल्यावर, कारण आकुंचनात स्नायू स्वतःच्याच वाहिन्या आवळतो. सुदैवाने त्या सैल टप्प्याच्या मध्यावर हृदय क्षणभर जवळजवळ स्थिर असतं. नाडी ६० असेल तर ही स्थिर वेळ पुरेशी मिळते. ताणाखाली नाडी ९० वर गेली की ती आकसत जाते, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याला मोजायचं असतं. ही या पद्धतीची सगळ्यात मोठी अडचण आहे असं मला वाटतं. ठिपके लहान करून ती सुटत नाही.

तरीही हे जमवलं गेलंय. १९९६ मध्ये हंडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांमध्ये विश्रांतीत आणि ॲडेनोसिन हे वाहिन्या रुंदावणारं औषध देऊन असा प्रवाह मोजला, आणि धमनीत प्रत्यक्ष घातलेल्या, रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर तारेच्या मोजमापाशी तो चांगला जुळला. बायपासमध्ये जोडलेल्या रक्तवाहिन्यांत तर हे आणखी सोपं जातं, कारण त्या बऱ्याचदा जास्त रुंद आणि सरळ असतात आणि कमी हलतात. संशोधनात ही पद्धत आजही वापरतात. पण रोजच्या कामात, धाप लागलेल्या, श्वास नीट रोखता न येणाऱ्या रुग्णावर दर वेळी भरवशाचा आकडा द्यायचा, तर ती अपुरी पडते.

हीच पद्धत धमनीऐवजी शिरेत वापरली तर बरंच सोपं होतं. डाव्या हृदयाच्या स्नायूतून परतणारं बहुतांश रक्त कोरोनरी सायनस नावाच्या एका मोठ्या शिरेतून उजव्या कप्प्यात जातं. ती साधारण सेंटिमीटरभर रुंद, म्हणजे ठिपके पुरेसे. तिथे मोजलेला प्रवाह डाव्या कप्प्याच्या स्नायूच्या वजनाने भागला की दर ग्रॅमला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त पोचलं ते कळतं. समजा १०० मिलिलिटर आणि १२० ग्रॅम, तर साधारण ०.८, आणि विश्रांतीतल्या हृदयाला हे शोभणारं आहे. ताण देऊन पुन्हा मोजायचं आणि भागाकार काढायचा. मला ही पद्धत फार आवडते, कारण इंजेक्शनचा रंगद्रवही लागत नाही. पण तिच्यातून सगळ्या हृदयाचा मिळून एक आकडा येतो. एकाच धमनीतला एकच ब्लॉक त्यात विरून जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या वडिलांच्या प्रश्नाला हीदेखील पुरेशी नाही.

डॉक्टर जी तपासणी सुचवतील ती म्हणजे स्ट्रेस परफ्यूजन एमआरआय. इथे धमनीत किती वाहतं हे विचारतच नाहीत. स्नायूच्या कोणत्या भागात रक्त किती वेगाने पोचलं, एवढंच बघतात. वडिलांना त्रास होईल तो स्नायू उपाशी राहिल्याने, धमनी अरुंद असल्याने नव्हे. त्यामुळे प्रश्न थेट स्नायूला विचारलेला बरा. आणि स्नायू धमनीपेक्षा कितीतरी जाड आहे, तो मोजायला ठिपके पुरतात.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, म्हणजे वडिलांची धास्ती कमी होईल. दोन्ही हातांना एकेक सुई लावतो. एकीतून ॲडेनोसिन जातं, दुसरीतून गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचा रंगद्रव. एकाच सुईतून दोन्ही का नाही, असं रुग्ण नेहमी विचारतात. गॅडोलिनियम जोरात ढकलताना नळीत साठलेलं ॲडेनोसिन एकदम आत गेलं तर ठोके काही क्षण अडखळू शकतात, म्हणून. ॲडेनोसिन दर किलो वजनाला मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम या वेगाने तीन-चार मिनिटं चालतं. पहिल्या मिनिटातच चेहरा गरम होतो, छातीवर दडपण येतं, दमल्यासारखा श्वास लागतो. हे मी सुरू करण्याआधीच सांगतो, कारण न सांगता झालं तर माणूस घाबरतो आणि हलतो. औषध रक्तात दहा सेकंदही टिकत नाही. पंप बंद केला की मिनिटा-दोन मिनिटांत सगळं ओसरतं. डॉक्टर जवळ असतात, उतारा म्हणून ॲमिनोफायलिन तयार ठेवलेलं असतं, आणि रुग्णाच्या हातात घंटीचा फुगा असतो.

मग गॅडोलिनियम जातं आणि प्रत्येक ठोक्याला हृदयाचे तीन आडवे छेद टिपले जातात. आधी उजवा कप्पा उजळतो, मग फुप्फुसं, मग डावा कप्पा, आणि त्यानंतर स्नायूचं कडं हळूहळू करडं होत जातं. रक्त नीट पोचत असेल तर कडं सगळीकडे एकसारखं उजळतं. एलएडी कमी पडत असेल तर पुढच्या भिंतीच्या आतल्या बाजूला एक काळा पट्टा राहतो आणि कित्येक ठोके तसाच टिकतो. आतली बाजूच का? कारण आकुंचनात तिथे दाब सगळ्यात जास्त असतो आणि तंगी आधी तिलाच जाणवते. या तपासणीत एमआरआयचा ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा असल्याने हा आतला थर वेगळा दिसतो; अणुऔषधाच्या साध्या स्पेक्ट तपासणीत तो बाहेरच्या थरात मिसळून जातो.

त्या चित्रात मी आणखी एक गोष्ट बघतो: प्लीहा. ॲडेनोसिनने काम नीट केलं असेल तर प्लीहेचा रक्तपुरवठा घटतो आणि ती छेदाच्या कडेला काळी पडते. नाडी वाढली नाही आणि प्लीहाही लख्ख उजळली, तर रुग्णाने बहुधा कॅफीन घेतलंय आणि ताण बसलेलाच नाही. अशा वेळी नॉर्मल दिसणाऱ्या हृदयावर मी विश्वास ठेवत नाही, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनाही तसं स्पष्ट सांगतो.

आता हे चित्र नुसतं डोळ्यांनी न बघता आकड्यांतही मांडता येतं. रक्तात गॅडोलिनियम किती आलं आणि स्नायूत किती वेगाने शिरलं याचं गणित करून प्रत्येक ठिपक्यासाठी दर ग्रॅमला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त, असा नकाशा तयार होतो. पूर्वी यात मोठी अडचण होती: डाव्या कप्प्यात गॅडोलिनियम इतकं दाट येतं की तिथला सिग्नल त्या प्रमाणात वाढतच नाही, आणि मग स्नायूचा आकडा भलताच जास्त येतो. आता एकाच ठोक्यात रक्तासाठी वेगळी आणि स्नायूसाठी वेगळी चित्रं घेऊन हे टाळतात, आणि काही मशीनवर नकाशा काही मिनिटांत आपोआप तयार होतो. निरोगी स्नायूत विश्रांतीत हा आकडा १ च्या आसपास असतो, ताणाखाली दुपटीहून वर जातो.

आकड्यांचा खरा उपयोग दोन प्रकारच्या रुग्णांत होतो. एक, ज्यांच्या तिन्ही धमन्या खराब आहेत. सगळंच कडं सारखं फिकट असलं तर तुलनेला चांगला भाग उरत नाही आणि डोळा फसतो. दुसरे, ज्यांच्या मोठ्या धमन्या साफ आहेत पण छातीत दुखतं. यांत बायकांचं प्रमाण बरंच असतं, आणि अँजिओग्राफी नॉर्मल आहे, मनाचं दुखणं आहे, असं सांगून त्यांना परत पाठवलेलं असतं. दोष बारीक वाहिन्यांत असतो. त्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत, पण ताणाखालचा प्रवाह वाढत नाही हे नकाशात दिसू शकतं. हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

मग कॅथेटरशिवाय निर्णय घेणं सुरक्षित आहे का? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआर-इन्फॉर्म चाचणीत नेमकं हेच तपासलं. स्थिर अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखणं, असलेल्या ९१८ रुग्णांपैकी निम्म्यांचा निर्णय परफ्यूजन एमआरआयवर घेतला, निम्म्यांचा कॅथेटरच्या अँजिओग्राफीवर आणि एफएफआरवर, म्हणजे धमनीत तार घालून मोजलेल्या ब्लॉकच्या आधीच्या आणि पलीकडच्या दाबांच्या प्रमाणावर. एमआरआय गटात ३५.७ टक्के रुग्णांना स्टेंट किंवा बायपास लागला, दुसऱ्या गटात ४५ टक्क्यांना. वर्षभरात मृत्यू, हार्ट अटॅक किंवा त्याच धमनीवर पुन्हा प्रक्रिया यांचं प्रमाण दोन्हींत जवळजवळ सारखं होतं, ३.६ आणि ३.७ टक्के. म्हणजे एमआरआय गटात स्टेंट आणि बायपास कमी झाले आणि रुग्णांचं नुकसान झालं नाही. वडिलांच्या डॉक्टरांशी बोलताना ही चाचणी जरूर काढा.

सगळीकडे का होत नाही, याचं उत्तर बरंचसं व्यवहाराचं आहे. तपासणीला पाऊण तास ते तास जातो, तेवढ्यात त्या मशीनवर गुडघे-पाठीचे दोन रुग्ण होतात. हृदयाचं एमआरआय काढणारी आणि वाचणारी माणसं कमी आहेत. सीटी काही मिनिटांत उरकते आणि आता सीटीवरूनच एफएफआरचा अंदाज काढणारी गणितंही आहेत. प्रवाह आकड्यांत मोजण्यात पेट स्कॅनचा अनुभव सगळ्यात जुना, पण त्यात किरणोत्सर्ग येतो.

वडिलांना दमा असेल, ठोके अडखळण्याचा आजार असेल, मूत्रपिंड फारच कमजोर असेल, पेसमेकर असेल किंवा बंद जागेची भीती वाटत असेल, तर आधीच सांगा. यातल्या बहुतेकांवर मार्ग असतो, पण तो आदल्या दिवशी शोधावा लागतो. स्टेंट असला तरी एमआरआय होतं. धातूमुळे त्या जागची धमनी चित्रात दिसत नाही, पण त्याच्या पलीकडच्या स्नायूचा रक्तपुरवठा दिसतो. चहा, कॉफी, कोला आणि चॉकलेट आदल्या दिवसापासून बंद, डीकॅफसुद्धा. थिओफायलिनसारखी दम्याची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून आधी थांबवावी लागतात. आणि श्वास रोखण्याचा सराव करून घ्या: खोल भरून नव्हे, तर सहज सोडून झाल्यावर दहा-पंधरा सेकंद. श्वास सोडल्यावर श्वासपटल दर वेळी जवळपास त्याच जागी येऊन थांबतं, भरल्यावर दर वेळी वेगळ्या. घरी हा सराव करून आलेल्या रुग्णाची चित्रं बहुधा पहिल्याच वेळी नीट येतात आणि त्याला मशीनमध्ये कमी वेळ पडून राहावं लागतं.